लहान मुलांमधलं पॅलिएटिव्ह सेडेशन

आजार बरा होण्यापलीकडे गेलाय, शेवट जवळ आलाय आणि त्रास कशानेच आटोक्यात येत नाहीये, अशा वेळी औषधाने पेशंटची शुद्ध मुद्दाम कमी करतात, म्हणजे त्याला तो त्रास जाणवू नये. याला पॅलिएटिव्ह सेडेशन म्हणतात. मुलांमध्ये ही वेळ बहुतेक कॅन्सरमध्ये नाहीतर मेंदूच्या वाढत जाणाऱ्या आजारांत येते. न थांबणाऱ्या फिट्स, धाप, वेदना, किंवा नुसती तळमळ, मूल कुठल्याच कुशीवर टिकत नाही.

यातला 'कशानेच' हा शब्द खरा कळीचा. आधी बघायचं की वेदनेचं औषध पुरेसं दिलंय का, लघवी तुंबलीये का, पोट साफ झालंय का, कारण न बोलता येणारं बाळ यातल्या कशानेही तळमळतं आणि आपण थेट झोपेच्या औषधाकडे धावतो. अशा मुलांची वेदना मोजायला फ्लॅक स्केल वापरतात, त्यात चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या 5 गोष्टींना 0 ते 2 मार्क, एकूण 10. पण 'हे त्याचं नेहमीचं रडणं नाही' असं आई म्हणाली तर स्केलपेक्षा ते जास्त धरावं.

औषध बहुतेक ठिकाणी मिडाझोलॅम, शिरेतून किंवा कातडीखालून पंपाने. ते पटकन चढतं आणि पटकन उतरतं म्हणून डोस हवा तसा कमीजास्त करता येतो. काही मुलं मात्र त्याने उलट जास्तच चवताळतात, आणि फिट्ससाठी वर्षानुवर्षं त्याच जातीची औषधं घेतलेल्या मुलांना नेहमीचा डोस पुरतच नाही, मग फेनोबार्बिटल वगैरे बघावं लागतं. मॉर्फिन हे वेदनेचं आणि धापेचं औषध आहे, झोपवण्याचं नाही, त्याचा डोस झोपेसाठी वाढवत नेणं ही नेहमीची चूक. पण सेडेशन सुरू झालं म्हणून ते बंदही करायचं नाही, मूल झोपलेलं दिसतं म्हणजे दुखत नाही असं नसतं.

सेडेशन हलकं असू शकतं, काही तासांचं असू शकतं, किंवा शेवटपर्यंत सलग. डोस त्रास थांबेल इतकाच. इच्छामरणापासून वेगळं आहे ते इथेच, तिथे मृत्यू घडवायचा असतो, इथे त्रास थांबला की डोस तिथेच थांबतो. बेल्जियमने 2014 मध्ये इच्छामरणाच्या कायद्यातली वयाची अट काढली, तो वेगळा विषय, पण दोन्हींची सरमिसळ सतत होते. मोठ्यांवरच्या अभ्यासांत सेडेशनमुळे आयुष्य घटल्याचं दिसलेलं नाही, मुलांवरचा अभ्यास मात्र फारच थोडा आहे. सलाइन आणि नळीतून अन्न चालू ठेवायचं का, हा निर्णय वेगळा घ्यायचा असतो.

संमती आईवडिलांची, पण मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्यालाही विचारायचं. आणि जे बोलायचंय ते आधी बोलून घ्यायचं, कारण सलग सेडेशननंतर ते परत बोलेलच असं नाही. पुढे किती वेळ जाईल हेही सांगून ठेवलेलं बरं. मुलांचं हृदय दणकट असतं, कधी कधी तास म्हणता म्हणता दिवस जातात आणि घरचे हबकतात. तोवर तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, हात धरून बोलत राहणं चालूच असतं. भावंडांना मात्र 'तो झोपलाय' एवढंच सांगून सोडू नये, नंतर ती स्वतःच झोपायला घाबरतात. औषधाने झोप आणलीये आणि आजार त्याच्या शरीराला संपवतोय, हे दोन्ही वेगवेगळं सांगावं.