शेल्बी ड्रॉप

शेल्बी ड्रॉप : फोर्ड मस्टँग या अमेरिकी मोटारीच्या पहिल्या पिढीतील, विशेषतः १९६५ व १९६६ च्या, गाड्यांच्या पुढील सस्पेन्शनमधील एक फेरफार. यात वरच्या कंट्रोल आर्मचा (चाक बॉडीशी जोडणाऱ्या व वरखाली हलणाऱ्या भुजेचा) बॉडीकडील सांधा मूळ जागेच्या सुमारे १ इंच (२५.४ मिमी.) खाली घेतात. गाडीचा पुढचा भाग त्यामुळे अर्धा इंच किंवा थोडा अधिक खाली येतो. म्हणून हा फेरफार गाडी ‘बसवण्याच्या’ (तिची उंची कमी करण्याच्या) प्रकारांत मोजला जातो. पण उंची कमी होणे हा त्याचा आनुषंगिक परिणाम होय. वळणावर चाकाचा रस्त्याशी राहणारा कोन सुधारणे, हे त्याचे मूळ प्रयोजन.

मस्टँगचे (१९६४) पुढील सस्पेन्शन फोर्डच्याच फाल्कन या साध्या कौटुंबिक गाडीवरून आलेले आहे. त्यात कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर नसून वरच्या आर्मवर, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या उंच पत्र्याच्या मनोऱ्यात (शॉक टॉवर) बसते. वरच्या आर्मचा आतला सांधा बराच उंच असल्याने गाडी वळणावर कलली की बाहेरच्या बाजूचे चाक माथ्याकडून बाहेर झुकते आणि टायरचा बाहेरचा काठच तेवढा रस्त्यावर घासतो. सांधा खाली घेतला की आर्म आतल्या बाजूस उतरता होतो. चाक वर उचलले जाताना त्याचा माथा आत ओढला जातो, म्हणजेच ऋण कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला कोन) वाढतो. शिवाय पुढचे रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते असे मानतात तो बिंदू) वर सरकते.

नुसती स्प्रिंग आखूड केल्यास नेमके उलट घडते. गुरुत्वमध्य खाली येतो खरा, पण रोल सेंटर सहसा त्याहून वेगाने खाली जाते. दोहोंतील अंतर वाढून कलण्याची प्रवृत्ती अपेक्षेइतकी घटत नाही. शेल्बी ड्रॉपमध्ये उंची घटते ती स्प्रिंगच्या बैठकीमुळे. बैठक आर्मच्या दोन सांध्यांच्या दरम्यान असल्याने आतला सांधा इंचभर उतरला की तीही अंशतः उतरते, आणि स्प्रिंग पुन्हा आपल्या भाराच्या लांबीवर येईपर्यंत बॉडी खाली बसते.

जनकत्व : नाव अमेरिकी शर्यतचालक व मोटारनिर्माते कॅरल शेल्बी यांचे असले तरी कल्पना त्यांची होती, असे गंभीरपणे कोणी मानत नाही. कॅलिफोर्नियातील शेल्बी अमेरिकन या त्यांच्या कंपनीने मस्टँगवरून शर्यतयोग्य जीटी३५० ही गाडी तयार केली. ती जानेवारी १९६५ मध्ये रिव्हरसाइड येथे वृत्तपत्रांपुढे ठेवण्यात आली व त्याच वर्षी तिने एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संघटनेच्या बी-प्रॉडक्शन गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९६५ च्या जीटी३५० मध्ये वरचा आर्म कारखान्यातच खाली घेतलेला असे; त्याच्या जोडीला १ इंच व्यासाचा अँटी-रोल बार (गाडीचे कलणे रोखणारा दांडा), कोनी शॉक ॲब्झॉर्बर व मागील ॲक्सल आवरणारे ट्रॅक्शन बार होते.

जनकत्वाचे दोन दावेदार सांगितले जातात. पहिले शेल्बी अमेरिकनचे चाचणीचालक केन माइल्स (१९१८–६६). गाडी घासूनपुसून शर्यतीला सिद्ध करण्यातील त्यांचा वाटा वादातीत आहे. दुसरे फोर्डचे सस्पेन्शन अभियंता क्लाउस आर्निंग. आर्निंग व बॉब नेगस्टाड यांनी शेल्बींच्याच ४२७ कोब्रा या स्पोर्ट्स गाडीच्या कॉइल स्प्रिंग सस्पेन्शनची भूमिती आखली होती, आणि सस्पेन्शनची गणिते संगणकावर सोडवण्याचा फोर्डमधील आरंभीचा उद्योगही आर्निंग यांच्याशी जोडला जातो. सांधा नेमका किती उतरवावा हे केवळ मैदानावरच्या चाचण्यांतून हाती येणे कठीण. तेव्हा भूमिती आर्निंग यांची व पडताळणी माइल्स यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काही जाणकार या फेरफाराला ‘आर्निंग ड्रॉप’ म्हणतात ते यामुळेच.

जीटी३५० च्या १९६६ मधील उत्पादनात, सुरुवातीच्या गाड्या वगळता, खर्च वाचवण्यासाठी हा फेरफार सोडून देण्यात आला. १९६७ च्या मस्टँगमध्ये फोर्डनेच पुढील भूमिती बदलली.

कृती व मर्यादा : शॉक टॉवरमध्ये मूळ भोकांच्या खाली नवी भोके पाडून आर्म तेथे बोल्टने आवळतात. प्रचलित साच्यात भोके १ इंच खाली व १/८ इंच मागे असतात. मागे सरकवण्याचा भाग बहुधा नंतरची भर असावी. इंचापेक्षा खूप खाली गेल्यास वरचा बॉल जॉइंट (आर्मचा चाकाकडील गोलाकार सांधा) आपल्या कोनाच्या टोकाला जाऊन अडकतो. त्यासाठी त्याच्या बैठकीखाली पाचर घालावी लागते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट नव्याने करणे अनिवार्य ठरते.

इतर गाड्या : हा उपाय मस्टँगच्या घाटणीशी बांधलेला आहे. पहिल्या पिढीच्या शेव्हरोले कॅमॅरोत स्प्रिंग खालच्या आर्मवर असल्याने तेथे गाडी खाली आणण्यासाठी सुमारे २ इंच उतरते स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो भाग) वापरतात. प्लिमथ व डॉज यांच्या टॉर्शन बारच्या (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा पोलादी दांडा असलेल्या) गाड्या समायोजक बोल्ट सैल करूनही खाली बसतात, मात्र चाकाला वर जायला जागा कमी उरते. स्प्रिंगचे वेटोळे कापणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. आठ क्रियाशील वेटोळ्यांपैकी एक कापल्यास स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. वेटोळे तापवून खचवणे मात्र त्याज्य, कारण पोलादाची लवचीकताच जाते. मागील बाजूस पाटे (लीफ स्प्रिंग) व ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालतात.