समुद्राचे धडे, बेळगावात बसून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून दोन समुद्रांच्या वाटा फुटतात. कणकुंबीची मलप्रभा नदी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्यातली म्हादई गोव्यातून अरबी समुद्रात. समुद्रकिनाऱ्याच्या सहलीची बस ठरवण्याआधी मुलांना हे नकाशावर गिरवू द्यावं.

मग खारं पाणी. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, की समुद्राइतका खारटपणा आला. त्यात अंडं तरंगवून दाखवायचा बेत मात्र हमखास फसतो. ताज्या अंड्याची घनता सुमारे १.०८, समुद्राच्या पाण्याची १.०२५, अंडं बुडणारच. तरंगवायला मीठ चौपट, १२५ ते १५० ग्रॅम लागतं. पस्तीस ग्रॅममध्येच तरंगलं, तर ते शिळं समजावं.

सहल बहुतेक वेळा फसते ती वेळेमुळे. रविवारी अकराला किनाऱ्यावर पोचावं तर भरती, खडक पाण्याखाली. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठ-साडेआठला. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराला, सोयीची खरी. पण तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फारसं हटत नाही. म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया किंवा तृतीयाच धरावी, मुक्काम आदल्या रात्री किनाऱ्याजवळ करावा. तिथी मुलांनी घरच्या आजी-आजोबांना विचारून काढावी, वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावी.

खडकावरचे जीव मोजायला चौकट लागते: अर्ध्या मीटरचे चार पीव्हीसी पाइप, चार एल्बो. पाइपांना भोकं पाडायला विसरू नये; आत हवा राहिली की चौकट डबक्यात तरंगते आणि मोजणी गेली. दर दहा सेंटिमीटरवर सुतळी ताणली की पंचवीस घरं होतात. भरतीच्या रेषेजवळ, मध्ये आणि पाण्यालगत अशी तीन ठिकाणी ठेवून प्रत्येक घरात काय चिकटलंय ते लिहावं. वर उन्हात तग धरणारे, खडकाला घट्ट चिकटलेले प्राणी मोजकेच. खाली जाऊ तशी कालवं, समुद्रफुलं, शेवाळ वाढत जातं.

दगड उलटला तर होता तसाच ठेवावा. खालची बाजू उन्हात राहिली की तिथले जीव वाळून मरतात, वरचं शेवाळ अंधारात कुजतं. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नये, काहींचा डंख विषारी असतो. चपला नकोत, रबरी तळाचे बंद बूट हवेत. ओहोटीच्या दीड तास आधी खडकावर उतरावं आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात वर यावं.