जुन्या डर्ट बाइकला दिवे बसवायचेत? आधी आरसी काढून बघा

हेडलाइट, टेललाइट आणि इंडिकेटर बसवले की मातीतली गाडी रस्त्यावर काढता येते, असा समज पुण्यातल्या बऱ्याच हौशी मंडळींचा आहे. नाना पेठेतून सामान आणलं की वायरिंग होतंही पटकन. पण आरटीओत दिव्यांची पाळी नंतर येते, आधी विचारतात चासी नंबर (सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) आणि आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. त्यामुळे खर्च करण्याआधी आपली गाडी नेमकी कुठल्या प्रकारात मोडते ते बघा.

आपल्याकडे सर्वात जास्त दिसते ती येझदी, राजदूत किंवा बुलेट. मूळची रस्त्याचीच, पण कुणीतरी डर्ट ट्रॅकसाठी दिवे-मडगार्ड उतरवून ठेवलेली. कंपनीने दिले होते तसे दिवे परत चढवणं ही दुरुस्ती झाली, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधला ‘बदल’ नव्हे. खरं काम आरसीचं. तिची 15 वर्षांची मुदत कधीच संपलेली असणार. परिवहन पोर्टलवर नमुना 25 भरून नूतनीकरणाचा अर्ज करायचा. गाडी तपासणीत पास झाली की पुढची 5 वर्षं मिळतात. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, पर्यावरण कराची पावती आणि चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. आरसीवर अजून जुन्या मालकाचं नाव असेल तर नमुना 29 आणि 30, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे नमुना 28. आरसी हरवली असल्यास पोलिसांत तक्रार देऊन नमुना 26. पुणे शहराचं एमएच-12 कार्यालय संगम पुलाजवळ आहे. पिंपरी-चिंचवडकरांचं एमएच-14 वेगळं.

ठशाचं काम दिसतं तितकं किरकोळ नाही. नंबरावर रंगाचे थरावर थर बसलेले असतात. पेंट रिमूव्हर लावून फडक्याने पुसा, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. आकडा पुसट झाला की खाडाखोडीचा संशय येतो आणि मग तो निस्तरताना नाकी नऊ येतात.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेली असतील तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करता येते. अट एकच, पण कडक: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अर्ज नमुना 20 मध्ये, सोबत विमा आणि जुनी आरसी; गाडी बाहेरून आणलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. प्रमाणपत्र 60 दिवसांत मिळायला हवं आणि ते 10 वर्षं चालतं. जुना नंबर तसाच ठेवता येतो. नव्याने नोंदणी केली तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मात्र या गाडीवर रोज ऑफिसला जाता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. माझ्या मते, गाडी नेहमी चालवायची असेल तर साध्या नूतनीकरणाचाच रस्ता धरावा.

आता कारखान्यातूनच बिनदिव्यांची आलेली, कधीच नोंदणी न झालेली मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी. रस्त्यावरच्या मॉडेलला लागणारी मंजुरी उत्पादक किंवा आयातदार एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून घेतो. आपण घरी दिवे लावले म्हणून ती मिळत नाही.  ती खासगी ट्रॅकपुरती ठेवा आणि तिथे न्यायची ती टेम्पोत घालून. दलाल ‘करून देतो’ म्हणाला तरी दुसऱ्या गाडीच्या आरसीवर ही चालवायच्या फंदात पडू नका.

तपासणीत काय बघतात? हेडलाइटचा झोत डिपरवर खाली पडला पाहिजे. मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसावा आणि मागची नंबर प्लेट पांढऱ्या उजेडात 15 मीटरवरून वाचता यावी. मागे लाल रिफ्लेक्टरही हवा. पुढे सर्चलाइट लावायला आरटीओची आगाऊ मंजुरी लागते, त्यामुळे झगमगीत एलईडी बारचा मोह आवरा. नियमाबाहेरच्या बदलाला कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

वायरिंगमध्ये बहुतेक घोळ होतो तो मॅग्नेटमध्ये, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या भागात. स्पर्धेसाठी बदललेल्या मॅग्नेटमध्ये अनेकदा फक्त इग्निशनची (ठिणगीची) कॉइल असते, दिव्यांना वीज देणारी लाइटिंग कॉइल नसतेच. ती तार गुंडाळून भरून घ्यावी लागते आणि सोबत व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर हवाच, नाहीतर रेस वाढवली की बल्ब उडतात. 6 व्होल्टवर 35 वॉटचा बल्ब जवळपास 6 अँपिअर ओढतो, म्हणून वायर जाड घ्या आणि अर्थ थेट फ्रेमच्या घासलेल्या धातूवर द्या, रंगावर नको. आरटीओत जायच्या आदल्या दिवशी गाडी स्लोवर सोडून मागचा ब्रेक दाबा. ब्रेकलाइट मिणमिणत असेल तर रेक्टिफायर (एसी विजेचं डीसी करणारा) आणि छोटी बॅटरी बसवल्याशिवाय तपासणीची तारीख घेऊ नका.