पावसाळ्यात बोट घरी ठेवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बोट हंगामभर बंद ठेवण्याची जी माहिती सहज मिळते, ती बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतली असते. तिथे इंजिनात राहिलेलं पाणी गोठून ब्लॉकला तडा जातो, म्हणून अँटीफ्रीझ भरतात आणि सगळी बोट प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळतात. गोव्यात यातलं काही लागत नाही, आणि हवाबंद गुंडाळणं तर इथे थेट नुकसान करतं. आपला बंद हंगाम जून ते सप्टेंबर. त्या काळात सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, हवा कायम दमट असते आणि बोटीच्या सांध्यासांध्यांत खाऱ्या पाण्याचं मीठ बसलेलं असतं. दमट हवेत मीठ ओलावा ओढत राहतं आणि धातू खात राहतं. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे ते दोनच गोष्टींसाठी आहे : पाणी बोटीबाहेर जात राहावं आणि वारा आत खेळत राहावा.

हे पत्रक १४ ते २० फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन आणि घरी ट्रेलर असलेल्यांसाठी आहे.

बोट पाण्यातून कधी काढायची

मिरगाच्या आधी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. पहिला मोठा पाऊस झाला की बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर शेवाळ धरतं, गाडीची चाकं घसरतात, आणि अंगणातल्या लाल मातीत ट्रेलर रुततो. शिवाय धुतलेली बोट झाकण्याआधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळायला हवी, आणि तसं ऊन जूनमध्ये मिळत नाही.

फ्लशिंग

इंजिनाच्या गिअरकेसला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाला, पाणी ओढायच्या जाळ्या असतात. त्यांवर नळाची नळी जोडलेले रबरी कप लावा, नळ पूर्ण उघडा, आणि मगच इंजिन सुरू करा. पंखा (प्रोपेलर) आधी काढून ठेवलेला बरा. न्यूट्रलमध्ये, आयडलवर १० ते १५ मिनिटं चालू द्या, म्हणजे थर्मोस्टॅट उघडून आतल्या सगळ्या वाटा गोड्या पाण्याने धुऊन निघतील. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सतत यायला हवी. धार थांबली तर इंजिन लगेच बंद करा.

पाण्याशिवाय इंजिन ‘फक्त आवाज ऐकायला’ सुरू करू नका. आतला इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाचा पात्यांचा भाग, रबराचा असतो आणि त्याला वंगण पाण्याचंच. कोरडा फिरला तर काही सेकंदांत पाती करपतात. तुटलेले तुकडे पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतात, आणि ऑक्टोबरमध्ये इंजिन तापतं तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

पाणी कुठलं वापरता तेही पाहा. खाजनालगतच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीजवळच्या, विहिरींचं पाणी मेमध्ये मचूळ होतं. त्याने फ्लश करणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. नळाचं पाणी घ्या.

पेट्रोल

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाची नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच. चार महिन्यांनी इंजिन सुरू न होण्याच्या तक्रारींत हे कारण आम्हाला सगळ्यांत जास्त दिसतं.

सुटी २४-२५ लिटरची टाकी असेल तर ती रिकामी करा. चार-स्ट्रोकचं, तेल न मिसळलेलं ताजं पेट्रोल गाळून गाडीत ओता. दोन-स्ट्रोकचं तेल मिसळलेलं पेट्रोल गाडीत घालू नका. तेवढं शेवटच्या फेऱ्यांत संपवायचा हिशेब ठेवा. रिकामी टाकी वाळवून बूच लावून सावलीत ठेवा. भरलेली टाकी स्वयंपाकघराच्या किंवा इन्व्हर्टरच्या खोलीत तर अजिबात नको.

टाकी बोटीतच बसवलेली असेल आणि रिकामी करता येत नसेल, तर उलट करा : ती ९५ टक्के भरा आणि बाटलीवर दिलेल्या मापाने स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घाला. अर्धवट टाकीत मोकळी हवा जास्त, म्हणून ओलावाही जास्त. स्टॅबिलायझर आधी घाला आणि मग फ्लशिंग करा, म्हणजे ते इंजिनापर्यंत पोचेल. जुनं पेट्रोल स्टॅबिलायझरने पुन्हा ताजं होत नाही, म्हणून ते ताज्या पेट्रोलमध्येच घालायचं.

कार्बोरेटरचं इंजिन असेल तर फ्लशिंगच्या शेवटी पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. बंद पडण्याच्या बेतात असताना हवा ओढण्याच्या तोंडातून फॉगिंग ऑइल, म्हणजे आतले भाग गंजू न देणारं तेल, फवारा. इंजेक्शनच्या इंजिनात हे करायचं नाही. त्याच्या पंपाला पेट्रोल हेच वंगण असतं, त्यामुळे तो कोरडा चालवू नये. तिथे स्टॅबिलायझर घातलेलं पेट्रोल आत राहू द्या, आणि फॉगिंगबाबत तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल तेच करा.

दोन्ही प्रकारांत शेवटी स्पार्कप्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चमचाभर तेल घाला, इंजिन हाताने दोन-तीन वेळा फिरवा आणि प्लग परत बसवा. प्लग काढलेले असताना किल्ली मारू नका.

गिअर ऑइल

हे काम पावसाळ्याआधीच करायचं, नंतर नाही. गिअरकेसला दोन स्क्रू असतात. आधी खालचा, मग वरचा काढा, आणि बाहेर पडणारं तेल पांढऱ्या भांड्यात घ्या. काळपट किंवा मधाच्या रंगाचं असेल तर ठीक. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलेलं आहे. तेच पाणी चार महिने आत राहिलं तर बेअरिंग आणि गिअर गंजतात, आणि दुरुस्ती सीलच्या किमतीच्या कितीतरी पट जाते. सील बहुधा कशाने जातं तेही सांगतो : पंख्याच्या मागे, शाफ्टवर गुंडाळलेली गरीची नायलॉन दोरी. पंखा काढला की ती घट्ट कड्यासारखी बसलेली दिसते. ती कापून काढा, शाफ्ट पुसा आणि मरीन ग्रीस लावा.

नवीन तेल खालच्या भोकातून पंपाने भरा. वरच्या भोकातून बुडबुडे न येता तेल येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून झटकन खालचा. दोन्ही वॉशर दर वेळी नवीन घाला. ४० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या इंजिनाला साधारण अर्धा लिटर तेल लागतं. नेमकं माप पुस्तिकेत पाहा.

झिंकचे तुकडे, म्हणजे अॅनोड, निम्मे झिजले असतील तर बदला. त्यांना रंग लावू नका. रंगवलेला अॅनोड काम करत नाही, मग त्याच्या जागी गिअरकेस झिजतं. बोट मुख्यतः नदीत, मचूळ पाण्यात चालत असेल तर अॅल्युमिनियमचे अॅनोड जास्त चांगले.

स्टिअरिंग

याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त धावपळ यानेच होते. केबल स्टिअरिंगचा स्टीलचा दांडा इंजिनाच्या आडव्या नळीतून सरकतो. नळीत जुनं ग्रीस आणि मीठ एकत्र कडक होतं आणि दांडा जागीच धरतो. मग कोणीतरी चाक जोर लावून फिरवतो आणि केबलचं आतलं वेटोळं तुटतं. उपाय सोपा आहे. दांडा बाहेर काढून जुनं ग्रीस पुसा, नवीन मरीन ग्रीस लावा, मग दांडा नळीत पूर्ण आत घेऊन निपलमधून ग्रीस भरा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवा. एवढ्याने पुढचा त्रास वाचतो.

बॅटरी

घरात आणा. काढताना आधी निगेटिव्ह. साधी लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरायला लागतं आणि क्षमता कायमची घटते. आपल्या हवेत ती नुसती ठेवलेली असतानाही दर महिन्याला थोडी उतरते. म्हणून महिन्यातून एकदा चार्ज करा, पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि टर्मिनलला व्हॅसलिन लावा.

बॅटरी घरात आणली की बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा पंप) चालणार नाही, असं काही जण म्हणतात. चालू नयेच. मुसळधार पावसात पंपावर विसंबणं धोक्याचं आहे : बॅटरी दोन दिवसांत उतरते, आणि पाणी त्यानंतरही येत राहतं.

बूच, उतार आणि ताडपत्री

साधा हिशेब करा. १६ फुटी बोटीचं उघडं क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिमी पाऊस पडला आणि वाट बंद असेल तर ८०० लिटर पाणी, म्हणजे ८०० किलो वजन. ते बोटीच्या स्वतःच्या वजनाहून जास्त असू शकतं. ट्रेलरचा अॅक्सल वाकतो, तळ रोलरवर दाबला जाऊन खोलगट होतो, आणि तळाचा आकार एकदा बिघडला की बोट पूर्वीसारखी धावत नाही.

म्हणून मागचं बूच काढा आणि ते किल्लीच्याच दोरीला बांधून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये बूच न लावता बोट पाण्यात जाणार नाही. ट्रेलरचं पुढचं टोक २० सेंटिमीटर उंच करा, म्हणजे पाणी मागे वाहील. भोकावर बारीक जाळी बांधा. बेडूक आणि पानं अडतात. तरी आठवड्यातून एकदा भोकात हाताचं बोट घालून पाहाच. आंब्याचं एक पानही भोक बंद करू शकतं.

माडाखाली बोट ठेवू नका. नारळ किंवा वाळलेलं चुडत पडलं तर विंडस्क्रीन तर जातेच, फायबरलाही तडा जातो. मांगर किंवा पत्र्याची शेड असेल तर उत्तम. नसेल तर बोटीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने बांबूचा आढा उभारा आणि त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती घाला, पाणी साचणार नाही इतपत उताराने. कडा बोटीला घट्ट आवळू नका, वीतभर फट ठेवा. ताडपत्री फायबरला थेट चिकटली तर ओलावा अडकतो, मेण उडतं आणि डाग पडतात. पुढची आणि मागची तोंडं थोडी उघडी ठेवा.

गाद्या, लाइफ जॅकेट, दोर आणि कागदपत्रं बोटीत ठेवू नका. सगळं गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून घरात आणा. जॅकेट हँगरवर टांगा. घडी घालून ठेवली की शिवणीत बुरशी धरते. आतली झाकणं आणि कप्पे उघडे ठेवा.

इंजिन उभं, म्हणजे खाली सोडलेलं ठेवा. वर उचललेल्या इंजिनाच्या पंख्याच्या बोंडात पावसाचं पाणी साठतं, शिवाय आतलं पाणीही पूर्ण निथळत नाही.

ट्रेलर

चाकांच्या बेअरिंगमध्ये खारं पाणी शिरतंच, कारण रस्त्यावर तापलेला हब रॅम्पवर थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. हब उघडून धुवा, ग्रीस भरा. मग जॅकवर उचलून अॅक्सलखाली लाकडी ओंडके द्या, म्हणजे टायरवर भार राहणार नाही. नुसते चिरे वापरू नका. पावसात भिजलेला मऊ चिरा कडेने ढासळतो. ओंडक्याखाली फळी ठेवलीत तर मातीत रुतणार नाही.

ऑक्टोबरमध्ये

चवथ आटोपली म्हणजे समुद्र शांत झाला असं नाही. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, पावसाळ्यात धोक्याचा असतो. घाई करू नका.

बोट बाहेर काढण्याआधी टेल-टेलचं भोक, म्हणजे जिथून पाण्याची धार येते ते, बारीक तारेने तपासा. कुंभारमाशी त्यात हमखास मातीचं घर करते. धार येत नाही म्हणून लोक नवीन पंप घ्यायला येतात, आणि आत चिमूटभर माती असते. पेट्रोल टाकीचं हवेचं छिद्रही याच कारणाने बंद होतं. उंदरांनी वायरी किंवा पेट्रोलच्या नळ्या कुरतडल्या आहेत का, हात फिरवून पाहा. इंजिनाचं कव्हर काढताना आधी टकटक करा, सापही आडोशाला बसतात.

इंपेलर दोन वर्षांहून जुना असेल तर बदलून घ्या. पेट्रोल फिल्टर नवीन टाका. पहिल्यांदा सुरू करताना तेलामुळे धूर येईल, तो काही मिनिटांत जातो. हे सारं घरी, नळ लावून करा. सुरू होत नाही हे रॅम्पवर कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. नोंदणी आणि विम्याच्या तारखाही याच वेळी पाहा. बंद हंगामात बोट कुठे ठेवावी याबद्दल काही विमा पॉलिसींत अट असते.

सुटे भाग मागवायचे असतील तर इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीचा फोटो आम्हाला पाठवा. त्यावर मॉडेल आणि क्रमांक असतो. सील, वॉशर आणि इंपेलर मॉडेलप्रमाणे वेगळे असतात, आणि नुसत्या हॉर्सपॉवरवरून ते नक्की सांगता येत नाहीत. एप्रिलमध्ये पाठवलात तर मेच्या गर्दीआधी भाग तयार ठेवता येतात.