स्टिल ॲलिस

‘स्टिल ॲलिस’ हा वयाच्या पन्नाशीतच अल्झायमर हा स्मृतिभ्रंश घडवणारा मेंदूचा विकार जडलेल्या एका भाषाशास्त्रज्ञ स्त्रीची कथा सांगणारा अमेरिकी चित्रपट आहे. रिचर्ड ग्लॅट्झर आणि वॉश वेस्टमोरलँड या दांपत्याने त्याचे पटकथालेखन व दिग्दर्शन केले असून ८ सप्टेंबर २०१४ रोजी टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. ॲलिस हाउलँडची प्रमुख भूमिका ज्युलियन मूर हिने केली आहे. ॲलेक बाल्डविन (पती जॉन), केट बॉसवर्थ (थोरली मुलगी ॲना), हंटर पॅरिश (मुलगा टॉम) आणि क्रिस्टन स्ट्युअर्ट (धाकटी मुलगी लिडिया) हे अन्य कलावंत होत. शीर्षकाचा सरळ अर्थ ‘अजूनही ॲलिसच’ असा आहे. आठवणी, शब्द आणि व्यवसाय गळून पडल्यानंतर उरते ती व्यक्ती तीच असते का, हा प्रश्न त्यात विचारला आहे. चित्रपट मात्र त्याचे उत्तर शीर्षकाइतक्या ठामपणे देत नाही.

चित्रपटाचा आधार लिसा जेनोव्हा यांची याच नावाची कादंबरी आहे. हार्वर्ड विद्यापीठातून मज्जाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या जेनोव्हा यांच्या आजीला अल्झायमर झाला होता. ही कादंबरी त्यांनी २००७ मध्ये स्वखर्चाने प्रकाशित केली व २००९ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने छापली. कादंबरीतली ॲलिस हार्वर्डमध्ये शिकवते. चित्रपटाने तिला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नेले. हा बदल वरवरचा आहे. कादंबरीची खरी खूण, म्हणजे रुग्णाच्या जाणिवेच्या आतून सर्व काही पाहणे, चित्रपटानेही राखली आहे आणि या विषयावरच्या अनेक कृतींहून तो वेगळा ठरतो तो त्यामुळेच. स्मृतिभ्रंशाची गोष्ट एरवी बहुधा शुश्रूषा करणाऱ्याच्या तोंडून सांगितली जाते, कारण शेवटपर्यंत ती नीट सांगू शकणारा तोच असतो.

कथा ॲलिसच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या भोजनप्रसंगापासून सुरू होते. त्यानंतर एका व्याख्यानात तिला ऐन वेळी एक शब्द सुचत नाही आणि काही दिवसांनी स्वतःच्याच विद्यापीठाच्या आवारात धावताना आपण कुठे आहोत हे तिला कळेनासे होते. मेंदूत गाठ असावी असे समजून ती मज्जाविकारतज्ज्ञाकडे जाते. त्या पहिल्या तपासणीच्या दृश्यात कॅमेरा ॲलिसच्या चेहऱ्यावरच खिळून राहतो आणि डॉक्टरांचा केवळ आवाज ऐकू येतो. लक्षात ठेवायला सांगितलेले नाव व पत्ता तिला थोड्या वेळाने आठवत नाही, तेव्हा प्रेक्षकही मनातल्या मनात तो पत्ता शोधू लागतो. पुढे निदान होते ते अकाली अल्झायमरचे, आणि तेही आनुवंशिक प्रकाराचे.

हा विकार ६५ वर्षांच्या आत सुरू झाला तर त्याला अकाली म्हणतात. अल्झायमरच्या एकूण रुग्णांत अशांचे प्रमाण थोडे असते आणि एकाच जनुकातील दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा प्रकार त्याहूनही दुर्मीळ आहे. पहिल्या, चौदाव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रावरील तीन जनुकांशी त्याचा संबंध प्रस्थापित झाला असून असा दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. चित्रपटात या गणिताला कौटुंबिक रूप येते : ॲनाच्या चाचणीत दोष आढळतो, टॉमच्या आढळत नाही आणि लिडिया चाचणी करून घ्यायलाच नकार देते. ॲना त्या वेळी अपत्यासाठी वैद्यकीय उपचार घेत असल्यामुळे गर्भाची आधीच तपासणी करून घेण्याचा मार्ग तिच्यापुढे खुला असतो. ॲलिसचे वडील मद्याच्या आहारी गेले होते. त्यांच्या विस्मरणाचा दोष सर्वांनी दारूला दिला असावा, असा उलगडाही ओघात होतो. अकाली स्मृतिभ्रंश म्हणजे मूळ आजाराची अपवादात्मक शाखा अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र उलटा आहे. या विकाराचे पहिले वर्णन करणारे जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्ट येथे ज्या रुग्ण स्त्रीला तपासले आणि १९०६ मध्ये जिच्याविषयी व्याख्यान दिले, ती दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची, म्हणजे जवळजवळ ॲलिसच्याच वयाची होती.

नायिका भाषाशास्त्राची प्राध्यापक असणे हा योगायोग पटकथेने जाणीवपूर्वक वापरला आहे. मुले भाषा कशी आत्मसात करतात हा तिच्या अभ्यासाचा विषय. तिच्या आयुष्यात तीच प्रक्रिया उलट दिशेने घडताना दिसते. कमावलेली बौद्धिक शिदोरी मोठी असेल तर मेंदू काही काळ पळवाटा काढून उणीव झाकतो आणि त्यामुळे निदान उशिरा होऊन नंतरची घसरण अधिक वेगाने झाल्यासारखी भासते. डॉक्टर ॲलिसला याच अर्थाचे सांगतात. पाहुण्यांना पुन्हा नव्याने ओळख सांगणे, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, अध्यापन सोडावे लागणे, समुद्रकाठच्या घरात स्वच्छतागृह न सापडल्यामुळे ओढवलेली अवस्था, हे सर्व प्रसंग छोटे आणि बिनआवाजी ठेवले आहेत. कर्करोग झाला असता तर निदान अशी लाज तरी वाटली नसती, असे ती पतीला सांगते, तेव्हा आजाराच्या सामाजिक बाजूवर चित्रपट नेमके बोट ठेवतो.

सर्वाधिक विचारात पाडणारा भाग ‘बटरफ्लाय’ नावाच्या फोल्डरचा आहे. आजाराच्या आरंभी ॲलिस स्वतःसाठीच एक ध्वनिचित्रफीत तयार करून संगणकात ठेवते. थोरल्या मुलीचे नाव काय, आपण राहतो तो रस्ता कोणता, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे फोनवर देता येईनाशी होतील तेव्हा ही फीत उघडायची आणि तीत सांगितल्याप्रमाणे आयुष्य संपवायचे, अशी ती योजना असते. पुष्कळ काळानंतर ती फीत योगायोगाने तिच्या हाती लागते. पडद्यावरची निश्चयी, नीटनेटकी ॲलिस सूचना देते आणि समोरची गोंधळलेली ॲलिस आज्ञाधारक मुलीसारखी वर जाते, काय करायचे ते विसरते, पुन्हा खाली येते आणि अखेर संगणकच हातात घेऊन जिना चढते. सूचना पूर्ण होण्याआधीच घरात कोणी तरी येते आणि सारे विसरले जाते. हे दृश्य दयामरणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलत नाही. आजची व्यक्ती उद्याच्या, निराळ्या होऊन गेलेल्या स्वतःच्या वतीने निर्णय घेऊ शकते का, हा नीतिशास्त्रातला अवघड प्रश्न ते जिन्याच्या पायऱ्यांवर आणून ठेवते. निर्णय घेणारी आणि तो अमलात आणू पाहणारी अशा दोन्ही स्त्रिया एकाच चौकटीत दाखवणे हे केवळ चित्रपटालाच साधण्यासारखे होते.

आजारी लोकांच्या मेळाव्यात ॲलिस भाषण करते तो प्रसंग मात्र थोडा सजवलेला वाटतो. वाचलेली ओळ पुन्हा वाचली जाऊ नये म्हणून ती प्रत्येक ओळीवर पिवळ्या पेनाने रेघ ओढत जाते, हा तपशील भाषणातल्या विधानांपेक्षा अधिक बोलका आहे.

छायालेखक डेनिस लेनुआर यांनी अनेक ठिकाणी ॲलिसच्या भोवतीची पार्श्वभूमी धूसर ठेवली आहे. आवारात वाट चुकण्याच्या दृश्यात इमारती विरघळून केवळ तिचा श्वास उरतो. संकलनातही मधला काळ न सांगता गाळला जातो. हरवलेला फोन फ्रिजमध्ये सापडतो, तेव्हा ॲलिसला ती कालचीच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात महिना लोटलेला असतो आणि प्रेक्षकालाही त्याचा पत्ता नसतो. संगीत इलान एशकेरी यांचे आहे. मूर हिने भूमिकेच्या तयारीसाठी तज्ज्ञांच्या व अकाली विकार झालेल्या स्त्रियांच्या भेटी घेतल्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या स्वतः देऊन पाहिल्या. तिच्या अभिनयात ऱ्हास सांगणारी मोठी लकब आढळत नाही. वाक्यापूर्वीचा विराम किंचित लांबत जातो आणि नजर समोरच्या माणसावर टिकण्याऐवजी त्याच्याकडून सूचना मिळण्याची वाट पाहू लागते, एवढेच.

चित्रपटाची मर्यादाही येथेच सांगायला हवी. हाउलँड कुटुंब सुस्थितीत आहे. शुश्रूषेचा खर्च, नोकरी गेल्यावर होणारी ओढाताण आणि शेवटच्या टप्प्यातील शारीरिक परावलंबन यांना कथेत फारसा वाव मिळत नाही. जॉन मिनेसोटातील नवी नोकरी स्वीकारतो आणि कॅलिफोर्नियात अभिनयाचे क्षेत्र निवडलेली, आईशी सतत खटके उडणारी लिडिया परत येते, हा उलटफेर मात्र चांगला साधला आहे. नाटकानंतर लिडियाला अनोळखी नटी समजून ॲलिस तिचे सौजन्याने कौतुक करते, तेथे दोघींमधला जुना वाद आपोआप संपतो. अखेरच्या दृश्यात लिडिया तिला एका नाटकातला उतारा वाचून दाखवते व तो कशाविषयी होता असे विचारते; ॲलिस प्रयासाने ‘प्रेम’ एवढाच शब्द उच्चारते.

या भूमिकेसाठी मूर हिला गोल्डन ग्लोब, बाफ्टा आणि २२ फेब्रुवारी २०१५ रोजी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. पाचव्या नामांकनानंतरचे हे तिचे पहिलेच ऑस्कर होय. चित्रीकरण न्यूयॉर्कमध्ये अल्प खर्चात झाले. दिग्दर्शकांपैकी ग्लॅट्झर यांना २०११ मध्ये एएलएस या मज्जातंतूंच्या असाध्य विकाराचे निदान झाले होते. बुद्धी शाबूत असताना शरीर आणि वाचा हरपत जाण्याचा, म्हणजे ॲलिसच्या नेमका उलट, अनुभव ते घेत होते. बोलता येत नसल्यामुळे आयपॅडवर अक्षरे टंकून व ती यंत्राच्या आवाजात ऐकवून ते कलावंतांना सूचना देत. ऑस्कर समारंभानंतर अवघ्या १६ दिवसांनी, १० मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.