गिटारची चीर आणि नागपूरचा मे महिना

धरमपेठेतील एका परिचितांकडे १९३० च्या दशकातील लहान अंगाची, पोलादी तारांची अमेरिकन गिटार आहे. गेल्या मे महिन्यात तिच्या दर्शनी फळीवर ब्रिजपासून, म्हणजे तारा फळीवर जिथे अडकवतात त्या पट्टीपासून, खालच्या कडेपर्यंत सरळ चीर पडली आणि पाहणाऱ्या प्रत्येकाने तारांच्या ताणाला दोष दिला. सुरात लावलेल्या सहा तारांची ओढ सुमारे ७० किलो वजनाइतकी असल्याने हा तर्क वरवर पटतो. परंतु तारा लाकडाच्या रेषांना समांतर ओढतात आणि त्या दिशेने फळीचे स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड विलक्षण बळकट असते. अतिताणाने ब्रिज उखडेल किंवा त्यामागची फळी फुगेल, अशी उभी चीर सहसा पडणार नाही. फळी आडवी आकसली म्हणून ती फाटली.

वाळलेल्या लाकडात पाणी नसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शंभर वर्षांचे लाकूडही हवेशी पाण्याची देवाणघेवाण करीतच राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या ८ ते ९ टक्के पाणी असते. आर्द्रता २० टक्क्यांवर उतरली, आणि नागपुरात मे महिन्यातील दुपारी ती त्याहूनही खाली जाते, तर हे प्रमाण हळूहळू ४ टक्क्यांच्या आसपास येते. हे पाणी पेशीच्या पोकळीत नव्हे, तर पेशीभित्तिकेत असते. भित्तिकेच्या सर्वांत जाड थरात सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू पेशीच्या लांबीला जवळजवळ समांतर, गवताच्या पेंढीसारखे रचलेले असतात. त्यांच्यामधले पाण्याचे रेणू निघून गेले की तंतू एकमेकांजवळ सरकतात, पण त्यांची स्वतःची लांबी बदलत नाही. म्हणून फळी रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. ३४ सेंमी रुंदीची फळी या हिशेबाने सुमारे २ मिमी अरुंद व्हायला हवी.

तिला तसे होऊ दिले जात नाही, हीच अडचण आहे. बाजूच्या पट्ट्यांचे तंतू गिटारच्या घेरावरून फिरतात, त्यामुळे घेर कमी होत नाही. आतून चिकटवलेल्या तिरप्या आधारपट्ट्याही आपल्या लांबीत आकसत नाहीत. शेकोटीवर धरलेल्या डफाच्या कातड्यासारखी फळी ताणली जाते, मात्र कातडे तो ताण सोसून सूर चढवते, तर जेमतेम अडीच-तीन मिमी जाडीची फळी आडव्या ताणापुढे लवकर हार मानते. फळीला मुळात दिलेला किंचित फुगवटा आधी सपाट होतो, तारा खाली येऊन फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, झणझणतात; चीर त्यानंतरची. लहान अंग येथे कामी येत नाही, कारण रुंदी कमी असली तरी आकसण्याचे प्रमाण तेच राहते.

घरातील एका ज्येष्ठांनी दृष्ट लागल्याचे निदान करून गिटारच्या पेटीला लिंबू-मिरची बांधली होती. कारागिराने त्याच पेटीत ओला स्पंज ठेवून आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर आणली, आणि काही दिवसांत चीर मिटली तेव्हा श्रेय अर्थातच लिंबाला मिळाले. सरस लावण्याची घाई त्याने केली नाही हे योग्यच झाले. उघड्या चिरेत लाकडाची चिपटी बसवली असती, तर ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर फुगणाऱ्या फळीला जागाच उरली नसती.