गुल्ली-दंडा (तण)

गुल्ली-दंडा हे प्रामुख्याने पंजाब-हरियाणातील गव्हात माजणारे गवतवर्गीय तण. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. तिकडचे शेतकरी त्याला मंडूसी किंवा कनकी असेही म्हणतात. नावाचा अर्थ आपला विटीदांडू, आणि लांब दांड्यावरचे आखूड, जाड कणीस पाहिले की नाव पटते. तणनाशकाला दाद न देणाऱ्या भारतीय तणांत याचे उदाहरण सर्वांत गाजलेले आहे.

कणीस बाहेर पडेपर्यंत हे तण गव्हात बेमालूम मिसळते. बुंध्याजवळची तांबूस छटा ओळखणारी नजर असेल तरच निंदणी जमते. गव्हाआधी त्याच शेतात घेतलेल्या भाताची चिखलणी आणि साचलेले पाणी यांत इतर बरीच तणे संपतात, याचे बी मात्र टिकते. गहू कापणीला येण्याआधीच नवे बी मातीत झडलेले असते.

१९८०च्या दशकात या तणावर आयसोप्रोट्युरॉनचा मोठा आधार होता. हे तणनाशक प्रकाशसंश्लेषण रोखते; गहू वाचतो, कारण त्याची विकरे (एन्झाइम) या रसायनाचे वेगाने विघटन करतात. प्रतिकारक्षम गुल्ली-दंड्यातही नेमके हेच घडते. दिसण्यात गव्हासारखे असलेले तण आतूनही गव्हासारखे निघाले! ही क्षमता तणनाशकामुळे निर्माण होत नाही. ती मुळात असलेली मोजकी रोपे फवारणीतून वाचतात, त्यांचेच बी पडते आणि काही हंगामांत शेत त्यांनी भरून जाते. वर्षानुवर्षे तेच औषध, तेही कमी मात्रेत किंवा वाळू-युरियात मिसळून फोकलेले, अशा वापराने ही निवड आणखी सोपी झाली.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक आणि समुंदर सिंग यांनी हा प्रतिकार नोंदवला. काही शेतकऱ्यांना तर उभा गहू हिरवा कापून जनावरांना घालावा लागला.

पुढे क्लोडिनाफॉप, फेनॉक्झाप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही तणनाशके आली. त्यांनाही या तणाने यथावकाश प्रतिकार दाखवला, तोही वेगवेगळ्या गटांतील औषधांना एकाच वेळी. थंडी वाढण्याआधीचा लवकर पेरा आणि शून्य मशागत (न नांगरता पेरणी) यांनी उगवण कमी होते. जेथे भात-गव्हाच्या चक्रात ऊस, सूर्यफूल किंवा बरसीम हे चाऱ्याचे पीक येत असे, तेथे प्रतिकार कमी आढळला. बरसीमच्या कापण्यांबरोबर हे तणही बी धरण्याआधीच गोठ्यात जाते.